आय हॅड लाइक्ड यू

इंग्रजीत साधा भूतकाळ वापरणाऱ्या माणसाची प्रगती होत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. (सिद्ध करणारे सर आणि क्लास चालवणारे सर एकच आहेत, पण म्हणून सत्य काही खोटं ठरत नाही.) सरांच्या पाहणीत 'आय वेन्ट' म्हणणारे शेकडा नव्वद जण जिथे गेले तिथेच राहिले, 'आय हॅड गॉन' म्हणणारे मात्र साहेब झाले.

चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवणारा कारागीर हे ऐकून इतका भारावला, की दिसेल त्या क्रियापदाला 'हॅड' लावत सुटला. पुढे त्याच्या मराठीलाही ती बाधा झाली.

"बाहेर जेवलास का रे?" आई विचारायची.

"जेवलो होतो."

"होतास ना? मग आता परत भूक लागली असेल," असं म्हणून आई पान वाढायची. कारागिराचे सदरे तंग झाले. भाषा अंगी लागते ती अशी, हे सरांनी त्याला वर्गात उभं करून दाखवलं.

दुकानाच्या वर दाताचा दवाखाना होता. तिथल्या रिसेप्शनिस्टवर कारागिराचा जीव जडला होता. एक दिवस ती चष्म्याची सैल दांडी घेऊन आली. स्क्रू पिळून झाला तरी हा पिळतच राहिला. शेवटी धीर करून म्हणाला,

"आय हॅड लाइक्ड यू."

तिचा चेहरा पडला. "आवडले होते? मग मध्ये काय बिघडलं?"

नियमाप्रमाणे 'हॅड'च्या मागून दुसरी घटना यावीच लागते, आणि त्याच्या आयुष्यात दुसरी घटनाच नव्हती.

"काहीच नाही बिघडलं..."

"मग आत्ता आवडते की नाही?"

त्याने स्क्रू आणखी एकदा पिळला. वर्तमानकाळ पहिल्या तुकडीला असतो; याला हुशार म्हणून सरांनी थेट चौथीत घातलं होतं.

ती हसत सुटली. हसता हसता काउंटरला टेकली.

"मी सरांच्या पहिल्या तुकडीत आहे," ती म्हणाली. "आमचं अजून एवढंच झालंय. आय लाइक यू."

लग्न झालं. पूर्ण भूतकाळाचं यश म्हणून दोघांचा फोटो क्लासच्या पाटीवर लागला.

'हे असंच होणार, मला आधीच कळलं होतं,' असं आत्ता मनाशी म्हणालात ना? या. सरांनी चौथ्या तुकडीत तुमची जागा धरून ठेवली होती.