बिनशाईची पत्रिका

लग्नाला माणसे बोलावण्यासाठी पत्रिका छापतात, असा एक जुना गैरसमज समाजात रूढ आहे. कैरोसारख्या पुढारलेल्या शहरातही शुब्र्याच्या गल्ल्यांमधून तो अजून आढळतो. जाणकारांच्या मते पत्रिकेचा हेतू माणसे बोलावणे हा नसून आपण कोण आहोत हे माणसांना कळवणे हा आहे. त्यानंतरही माणसे आलीच, तर त्यांना जेवायला घालावे.

हिल्मीसाहेब याच गैरसमजात लहानाचे मोठे झाले. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते (विभाग पाणी देऊ शकत नसे, पण तक्रारीची पोच वेळेवर देई). थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी बाब अल-खल्कच्या एका छापखान्यात छापून घेतली होती. तिच्यावर दोन कबुतरे, एक सोनेरी बदाम, दोन्ही बापांची नावे, वार, हॉल आणि खाली रिवाजाप्रमाणे ‘मुलांचा स्वर्ग त्यांच्या घरी’ हे सुवचन होते. म्हणजे पोरे आणू नका. (पोरे आलीच. घरच्या स्वर्गात कबाब नसतो.) अशी पत्रिका हाती पडली की माणूस ती उभ्या उभ्या वाचायचा, तारीख ध्यानात ठेवायचा आणि मग तिच्यावर भोपळ्याच्या बियांची टरफले टाकायचा. तिला कुणी सुंदर म्हणाल्याची नोंद नाही. हॉल मात्र भरला होता.

भरला होता, पण एक खुर्ची सोडून. ती तफीदाताईंची.

तफीदाताई ही हिल्मीसाहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले, शाळेत घातले, आणि ते नापास झाले तेव्हा मास्तरांना जाऊन झापले. लग्न करून ती गाडीने दीड तासावरच्या टांटाला गेली. तिला मूल झाले नाही. हिल्मी आहे की, असे ती म्हणायची. आणि थोरलीच्या लग्नात याच हिल्मीसाहेबांनी धावपळीत एक चूक केली. ताईला पत्रिका पाठवायची राहिली, म्हणून त्यांनी फोन केला. ताई म्हणाली, ‘‘ऐकलं,’’ आणि फोन ठेवला. त्यानंतर सहा वर्षे ती त्यांच्याशी बोलली नाही. फोनवर गॅसवाल्याला बोलावतात, बहिणीला नाही, असे तिने परस्पर कळवले होते.

म्हणून धाकट्या नेहालचे लग्न ठरले तेव्हा हिल्मीसाहेबांनी मनाशी पक्के केले, की या खेपेला पत्रिका अशी काढायची की ताईचा राग पाण्यासारखा वाहून जावा. (पाण्याचा त्यांना अनुभव कमी होता.) नेहालही रोज विचारायची, ‘‘बाबा, आत्या येणार ना? मी हॉलमध्ये तिचा हात धरूनच शिरणार आहे.’’

सुदैवाने वरमाय शाहीराबाई नव्या वस्तीतल्या बंगल्यात राहणाऱ्या होत्या आणि त्यांच्या ओळखीत लुजैन नावाची एक आरेखनकार होती. लुजैन पत्रिका छापत नसे. ती पत्रिकेचा ‘अनुभव’ घडवत असे.

बैठक हिल्मीसाहेबांच्या दिवाणखान्यात भरली. लुजैनने टेबलावर सात कागद मांडले.

‘‘काका, यातला कुठला पांढरा?’’

हिल्मीसाहेबांनी चष्मा पुसून पाहिले. ‘‘सगळेच.’’

‘‘हा दुधाळ. हा वाळूचा. हा हस्तिदंती. आणि हा,’’ तिने आवाज खाली आणला, ‘‘शांतता.’’

‘‘शांतता घेऊ या,’’ शाहीराबाई म्हणाल्या. हिल्मीसाहेबांच्या पत्नी इन्शिराहबाई लगेच म्हणाल्या, ‘‘मी तेच म्हणणार होते.’’

शांततेच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होत्या. त्या हाताने कुरतडलेल्या असतात, उंदराने कुरतडलेला कागद स्वस्त पडतो, असा खुलासा झाला.

‘‘बरं, आणि अक्षरं कुठल्या रंगात?’’ हिल्मीसाहेबांनी विचारले.

‘‘शाई नाही वापरायची, काका. अक्षरं नुसती दाबायची कागदात. शाई ओरडते.’’

‘‘शाई ओरडते?’’

‘‘फार.’’

हिल्मीसाहेबांची उभी हयात शाईत गेली होती. ती ओरडल्याचे त्यांना आठवेना. कार्यालयात साहेब ओरडत, शाई बिचारी सही व्हायची वाट बघत पडलेली असे. त्यांनी तसे बोलून दाखवायला तोंड उघडले, तेव्हा इन्शिराहबाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ‘‘गप्प बसा हो. विहीणबाई बघतायत.’’

फक्त एका बाबतीत शाहीराबाई हटून बसल्या. ‘‘पोरं आणायची नाहीत ही ओळ शाईतच हवी. ठसठशीत. तेवढी मात्र ओरडू दे.’’ कलेने व्यवहारापुढे मान तुकवली.

तयार झालेली वस्तू पाहून हिल्मीसाहेबांचे डोळे भरून आले, हे इथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मखमलीची पांढरी डबी. तिला रेशमी रिबीन. रिबिनीत ऑलिव्हची सुकवलेली डहाळी, आणि गाठीवर लाखेची मोहर, जिच्यात वधूवरांची दोन आद्याक्षरे अशी गुंफली होती की ती कुणाचीही असू शकली असती. आत बटर पेपर, बटर पेपरच्या आत शांतता, आणि शांततेत कुठेतरी लग्नाची तारीख. सोबत यजमानांसाठी सूचनांचे एक पान होते. त्यात म्हटले होते: पत्रिकेला स्वतः बोलू द्यावे. वार, तारीख, स्थळ तोंडी सांगू नये. उत्कंठा मरते.

डब्या वाटल्या गेल्या. त्यांच्या स्वागताची जी माहिती पुढे हाती आली, तिच्यावरून असे दिसते की बहुतेकांनी डबी हातात घेऊन तिचे वजन पाहिले, निम्म्यांनी वास घेतला, आणि एकाने ती चावून पाहिली (वय वर्षे दोन). मोहर तोडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

यात लोकांचा काडीचा दोष नाही. इथल्या प्रत्येक घरात नीश नावाचे एक काचेचे कपाट असते. ते वधूबरोबर सासरी येते, आणि त्यातली भांडी वापरायची नसतात; ती आहेत एवढेच आल्यागेल्याला दिसायला हवे. लग्नकार्यात पाहुण्यांना साखरेत घोळलेल्या बदामांची सुबक डबी देतात, तीही कुणी खात नाही, नीशमध्ये ठेवतात. तेव्हा रिबीन बांधलेली मखमली डबी दारात आल्यावर एखाद्या सुसंस्कृत कुटुंबाने काय करावे? सगळ्यांनी तेच केले. बदामाची डबी आधी आली, म्हणजे पत्रिका मागून येईल, असे म्हणून ते वाट पाहू लागले. पत्रिका आली नाही तेव्हा कुणी विचारलेही नाही, कारण लग्न कधी आहे असे विचारणारा आपल्याला पत्रिका आली नाही हे आपल्याच तोंडाने कबूल करतो. अब्रू सगळ्यांनाच असते.

ताईची डबी हिल्मीसाहेब स्वतः घेऊन गेले. टांटाच्या गाडीत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

ताईने दार उघडले. सहा वर्षांत ती वाकली होती, नजर मात्र तीच. तिने डबी पाहिली, भावाकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेली. हिल्मीसाहेब उंबऱ्यातच उभे राहिले. मग आतून कपांचा आवाज आला. ताई नीश आवरत होती. मधल्या फळीवर तिच्या रुखवतातला बिलोरी सेट होता. तो तिने नवरा वारला तेव्हासुद्धा हलवला नव्हता. तो तिने खालच्या फळीवर ठेवला, डबी मधोमध मांडली, काच लावली आणि किल्ली बटव्यात टाकली.

‘‘ये आत. किती वाळलास रे,’’ ती म्हणाली. ‘‘बायको खायला घालत नाही वाटतं.’’

हिल्मीसाहेब रडले. ताई म्हणाली, ‘‘पुरे. चहा गार होतोय.’’ तारीख दोनदा त्यांच्या ओठांवर आली होती, पण सूचनांचे पान आठवले. शिवाय ताईला तारीख तोंडी सांगणे म्हणजे हिला वाचता येत नाही असे सुचवण्यासारखे झाले असते. पत्रिका बोलेल, असे स्वतःला समजावून ते आनंदाने घरी परतले.

पत्रिका बोलली नाही.

लग्नाच्या संध्याकाळी हॉल शांततेच्याच रंगात सजला होता. खुर्च्या पांढऱ्या, फुले पांढरी, आणि थोड्या वेळाने हिल्मीसाहेबांचा चेहराही. वराकडची अगदी जवळची मंडळी तेवढी होती. बाकी जे आले, ते ज्यांना डबी मिळाली नव्हती ते. इमारतीचा रखवालदार अब्दुश्शकूर बायकामुलांसह आला, कारण त्याला जिन्यात ‘‘शुक्रवारी संध्याकाळी ये रे’’ एवढेच सांगितले होते. त्याच पद्धतीने इस्त्रीवाला आला, कोपऱ्यावरचा फलाफलवाला आला, आणि त्यांची मिळून इतकी पोरे आली की शाहीराबाईंनी मोजणे सोडून दिले. पत्रिका न मिळाल्यामुळे पोरे आणायची नाहीत हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

नेहाल दाराबाहेर नटून उभी होती. ‘‘बाबा, आत्या आल्याशिवाय मी आत येणार नाही.’’

हिल्मीसाहेब खांबाआड गेले आणि त्यांनी ताईला फोन लावला. घंटा वाजू लागल्यावर आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले, पण तोवर ताईने उचलला होता.

‘‘ताई, ती डबी उघड ना जरा.’’

‘‘का?’’

‘‘उघड तर.’’

‘‘डोकं फिरलंय का तुझं? मोहर तुटेल. काल शेजारीण बघून गेली, म्हणाली असं काही उभ्या टांटात नाही.’’

‘‘ताई, माझ्यासाठी.’’

‘‘तू पत्रिका कधी पाठवतोयस ते सांग आधी. मी झगा शिवून ठेवलाय.’’ मग तिने कान दिला. ‘‘मागे ढोल कसले वाजतायत?’’

हिल्मीसाहेबांनी फोनवर तळहात धरला.

‘‘हिल्मी. कुणाचं लग्न आहे?’’

‘‘आपल्या नेहालचं.’’

‘‘कधी?’’

‘‘चालू आहे, ताई.’’

‘‘म्हणजे,’’ ताई हळू आवाजात म्हणाली, ‘‘परत फोनवर.’’

‘‘नाही, ताई, देवाशप्पथ. पत्रिका डबीतच आहे. तू फक्त उघड.’’

किल्ली फिरल्याचा, काच सरकल्याचा आणि शेवटी लाख मोडल्याचा आवाज हिल्मीसाहेबांनी कानाने ऐकला. लाख मोडताना ताईने उसासा टाकला, तोही ऐकला.

‘‘यात कोराच कागद आहे. खाली एक ओळ तेवढी.’’

‘‘दिव्यासमोर तिरका धर.’’

‘‘धरला. तीच एक ओळ दिसते. मुलांनी घरीच राहावं. मुलं म्हणशील तर मला तू एकटाच. तू तिथे काय करतोयस मग?’’

आणि तिने फोन ठेवला.

तफीदाताई आली तेव्हा जेवणे उरकत आली होती आणि शाहीराबाई वधू बाहेरच थांबल्याबद्दल पाहुण्यांची माफी मागत होत्या, म्हणजे रखवालदाराची. ताईच्या अंगावर नवा झगा होता आणि हातात डबी. दारात नेहाल अजून उभी होती. दागिन्यांनी अवघडलेली, पाय दुखलेली, पण उभी. ताईने तिचा हात धरला आणि दोघी आत शिरल्या. मग अब्दुश्शकूरच्या बायकोने आनंदाची जी हाळी दिली, तिने शांतता नावाच्या रंगाचा त्या हॉलपुरता निकाल लागला.

पुढच्या खुर्चीवर बसून ताईने भावाला बोटाने बोलावले आणि मोडकी डबी त्याच्या हातात ठेवली.

‘‘ही तू फोडायला लावलीस. मला दुसरी दे. न उघडलेली.’’

‘‘देतो, ताई. राग नाही ना?’’

‘‘फोनवर बोलावलंस ते मी विसरणार नाही. पण ते उद्यापासून. आधी कबाब आण.’’

दुसरी डबी आज टांटाला मधल्या फळीवर आहे. बिलोरी सेट खालीच राहिला. निमंत्रित कुटुंबांपैकी झाडून सगळ्यांनी, डबी इतकी देखणी पाठवलीत आणि लग्नाला मात्र बोलावले नाहीत, अशी तक्रार केली. हिल्मीसाहेबांनी जुन्या सवयीने प्रत्येकाला पोच दिली. लुजैनने आपल्या कामाच्या माहितीत असे लिहिले आहे, की तिच्या पत्रिका लोक वर्षानुवर्षे जपून ठेवतात. यातला एकही शब्द खोटा नाही.

आता तुम्ही, वाचक, हसत असाल, की काय ही कैरोची माणसे. जरूर हसा. हसून झाले की उठा आणि आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेसपाशी जा. तिथे, ज्यातून आजवर कुणी चहा प्यायलेला नाही त्या टी-सेटच्या मागे, एक सुरेख डबी आहे. कुणाकडून आली ते तुम्हाला आठवत नाही. रिबीन फार छान बांधली होती म्हणून तुम्ही ती सोडली नाहीत. सोडून बघा. लग्न तर होऊन गेले असणार, पण तुमच्याशी इतकी वर्षे कोण आणि का बोलत नाही, ते कळेल. कागद कोरा दिसला तर दिव्यासमोर तिरका धरा.