नासेरमिस्त्रीची नवी पाणसळ

अख्ख्या गोरेगावात लाकूडकामात नासेरमिस्त्रीचा हात धरणारा कुणी नाही, आणि हे सांगायला मिस्त्रीला दुसऱ्या माणसाची कधी गरजही पडली नाही! त्यात हिंगोलीहून नवीकोरी पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची काठी, आणलेली. काचेतला तो हिरवा बुडबुडा म्हणजे मिस्त्रीसाठी साक्षात न्यायाधीश!

"मानूस खोटं बोलंल सटवाजीमामा, बुडबुडा न्हाई!" असं म्हणत त्यानं पुसेगावच्या सटवाजींच्या नव्या घरात कपाट बसवायला घेतलं. दुपारी त्यांच्या लेकीचा, प्रियंकाचा साखरपुडा. पाहुणे यायच्या आत कपाटात कपबश्या चमकायला हव्या होत्या.

मिस्त्रीनं फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला उजवीकडे!

"मामा, फरशी डावीकडं खचली! कोन्या येड्यानं केली?"

सटवाजींचा चेहराच पडला. फरशी केली होती ग्यानोबा गवंड्यानं, आणि ग्यानोबा म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप! तो नेमका पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा.

"कोन येडा?"

"मी न्हाई म्हनत, बुडबुडा म्हनून राहिला!" असं म्हणून मिस्त्री कपाटाच्या डाव्या अंगाला पाचरी ठोकत सुटला. कपाट असं कललं की आत मांडलेल्या कपबश्या खडखडत एका कोपऱ्यात जमल्या आणि दार आपोआप उघडून पाहुण्यांची वाट बघू लागलं. तरी मिस्त्रीचं आपलं एकच, "आता बराबर! बुडबुडा मधोमध!"

ग्यानोबाचा पारा चढला. "माझी फरशी वाकडी? मंग ही सोयरीकच वाकडी!"

पेढे परत पिशवीत गेले. सटवाजी हात जोडून त्याच्या मागे, प्रियंका आत रडकुंडीला आलेली. फरशीपायी पोरीचं लगीन मोडायची वेळ आली की हो!

तेवढ्यात पदराला हात पुसत सटवाजींची बायको गोजरबाई बाहेर आली. काय सांगावी त्या बाईची हुशारी! बाजारात मिरच्या घेताना माल या पारड्यातून त्या पारड्यात घालायला लावून मगच पैसे देणार. तिला बघितलं की तराजूवाले आपणहून मूठभर जास्त टाकतात!

"मिस्त्री, तराजूची खोट कशी वळखता? पारडी पालटून ना? मंग ह्या काठीले काहून सोडता? फिरवा तिले! जागा तीच, टोकं पालटा."

मिस्त्रीनं हसत हसत फरशीवरची पाणसळ फिरवली, आणि हसू तिथंच थिजलं. बुडबुडा आता डावीकडे!

"फरशी खचली असती तर बुडबुडा उजवीकडंच ऱ्हायला असता," गोजरबाई म्हणाली. "हा तर काठीसंगं फिरला. खोट काठीत हाय!"

वा रे वा, गोजरबाई! मिस्त्रीनं कान पकडले, पटापट पाचरी उपटल्या. ग्यानोबानं पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला. "सोयरीक पक्की, विहीणबाई! अशा मायची लेक आमच्या घरी येऊन राहिली, नशीब आमचं!"

सगळे हसले, एकटा मिस्त्री सोडून. तो हळूच म्हणाला, "मामी, जरा गोरेगावाले येता का, आमच्या घरी?"

"काहून?"

"काल ह्याच पाणसळीनं घरी फळी ठोकली. बरण्या घरंगळून राहिल्या म्हनून बायको इशरत वरडली, तर मी म्हनलो, तुझ्या बरण्याच वाकड्या! तवापासून जेवन भेटलं न्हाई मले!"