टोपीतलं खमीर

धाकटी लेक सासरी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. पावाची भट्टी चालवणारे अण्णा तेव्हा पहिल्यांदाच विमानात बसले.

पलीकडच्या बेटावरच्या शहरात त्यांच्या अक्कांची भट्टी. अक्कांचं खमीर नासलं आणि भट्टी बंद पडली. हे खमीर मूळचं त्यांच्या आईचं. थोडं वापरायचं, थोडं राखायचं, त्याला रोज नवं पीठ चारायचं, असं दोन्ही घरांनी जपलेलं. बोटीनं न्यावं तर दिवस-रात्र मोडणार आणि खमीर वाटेतच आंबून जाणार. म्हणून विमान!

अण्णांनी नकाशावर बोट टेकवलं. "हे आपण, ही अक्का. मध्ये बोटाचं एक पेर! निघताना पीठ चारतो. खमीर फुगून डब्याच्या काठाशी येईल, तेव्हा मी अक्काच्या दारात! माझा अंदाज कधी चुकलाय?"

"लेकीच्या लग्नात पाव करपले, ते कुणाच्या अंदाजानं?" अण्णांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "निदान वाटीभर तरी घरी ठेवा."

"अर्धा डबा घेऊन बहिणीकडे जाऊ? शोभतं का!" अण्णांनी होतं नव्हतं ते सगळं भरलं आणि झाकण सुतळीनं आवळलं.

विमान वर चढलं. शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांचा बिस्किटांचा पुडा उशीसारखा फुगला.

"तुमच्या बिस्किटांना दिवस गेले की हो!" अण्णा खो खो हसले.

"वर हवा विरळ असते. बंद पुड्यातली हवा फुगते."

अण्णांचं हसू विरलं. डबा वरच्या कप्प्यात होता!

तेवढ्यात घोषणा झाली, खाली धुकं आहे, थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील.

"घिरट्या कसल्या? उतरवा मला!"

"आजोबा, खाली बसा बरं," हवाईसुंदरी म्हणाली.

फट्! कप्प्याच्या फटीतून एक पांढरी जीभ बाहेर आली, लोंबली आणि थबकन गृहस्थांच्या टोपीवर बसली. मग खुर्च्या, चपला, एका बाईंची वेणी! हवाईसुंदरीनं टोपी सोडून सगळं पुसलं, वर औषध फवारलं आणि डब्यासकट कचऱ्यात घातलं.

विमान उतरलं. गृहस्थ टोपी दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. अण्णा मागे धावले.

"अहो, थांबा! तुमच्या टोपीत माझी आई आहे!"

गृहस्थ पळतच सुटले! विमानतळाच्या दाराशी अण्णांना न्यायला आलेल्या अक्का उभ्या होत्या. त्यांनी हात आडवा घातला. जन्मभर पीठ मळलेला हात तो, गृहस्थ जागीच अडले. अक्कांनी टोपी नखानं खरवडली, वास घेतला.

"जिवंत आहे रे!"

"पण अक्का, एवढंसंच उरलं."

"वेड्या, मला चमचाभरच हवं होतं!"

धुऊन देते म्हणून अक्कांनी टोपी ठेवून घेतली. गृहस्थ दर आठवड्याला टोपी मागायला यायचे आणि गरम पाव घेऊन जायचे. अण्णांनी घरी वाटीभर परत आणलं. या खेपेला बोटीनं, मांडीवर धरून, वाटेत दोनदा पीठ चारून.

टोपीवाले गृहस्थ अक्कांच्या भट्टीला नवं धुराडं बसलं त्या वर्षी वारले. अण्णा गेले ते धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, ऐन थंडीत. दोन्ही भट्ट्या चालू आहेत. टोपी मात्र धुवायची अजून राहिलीच आहे!