हे लेकरू कोणाचं?

"सुट्टीत घरून काम करतो म्हणून कोणाले सांगू नको वं," शेजारच्या यमुताईंनी मार्चमध्येच बजावलं होतं. "बाई घरी हाय म्हणजे रिकामी हाय, असंच वाटते लोकाइले."

भावनानं ते हसण्यावारी नेलं. साठी उलटलेल्या यमुताईंना लॅपटॉपवरच्या कामातलं काय कळणार, असं तिला वाटलं होतं. आता मे महिना, बाहेर सेहेचाळीसचा पारा आणि नागपूरच्या बेसा भागातल्या तिच्या दोन खोल्यांत चार लेकरं! यमुताईंना सगळंच कळतं, हे तिला आता पटलं होतं.

चौघांतला एक तिचा स्वतःचा, सात वर्षांचा विहंग. दोन खालच्या मजल्यावरच्या नूपुरचे. "अर्धा तास बघ नं जरा," म्हणून नूपुर त्यांना सोमवारी सोडून गेली होती. तेव्हापासून ते रोज सकाळी नऊला हजर व्हायचे. आज गुरुवार उजाडला तरी तो अर्धा तास संपला नव्हता. चौथी, त्यांच्यामागोमाग येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी दोन वेण्यांची मुलगी, नूपुरच्या नणंदेची असावी. विचारायला सवड कोणाला होती?

अकराला मिटिंग होती. मिहानमधल्या तिच्या आयटी कंपनीत पियुष सर महिन्यापूर्वीच रुजू झाले होते. त्यांचं कामही घरूनच चालायचं. कॅमेरा ते कधीच सुरू करत नसत, त्यामुळे तिला त्यांचा फक्त आवाज ठाऊक होता. त्या आवाजानं परवाच ठणकावलं होतं, "मिटिंगमध्ये पुन्हा लेकरांचा गोंगाट ऐकू आला, तर सोमवारपासून रोज ऑफिसला यायचं." शाळा उघडायला पाच आठवडे. नवरा चंद्रपूरला साइटवर. रोज ऑफिस म्हणजे सरळ राजीनामाच.

म्हणून तिनं चौघांना आतल्या खोलीत बसवलं, मधोमध टरबुजाच्या फोडींचं ताट ठेवलं आणि दार ओढून घेतलं. कूलरची घरघर मिटिंगमध्ये जाते म्हणून कूलरही बंद केला. दहा मिनिटं बरी गेली. मग आतून धप्पकन काहीतरी पडलं आणि दाराखालून पाण्याचा ओहोळ बाहेर आला.

तिनं माइक बंद केला आणि दार उघडलं. "काय करून राहिले रे?"

"मम्मी, गरम होऊन राहिलं होतं," विहंग म्हणाला. "कूलर तर तू बंद केला. मग आम्ही त्यातलं पाणीच काढलं."

चौघंही टरबुजाच्या लाल चिखलात बसले होते. भावनानं दातओठ खात नूपुरला फोन लावला. "ये आणि घेऊन जा तुझी पोरं! आणि तुझ्या नणंदेची पोरगी पण."

"माझ्या नणंदेला तर मुलगा आहे. ती दोन वेण्यांची नं? मला वाटलं तुझी भाची."

भावनाचा पारा बाहेरच्या पाऱ्याच्या वर गेला. चार दिवस ही पोरगी आमरस-पोळी जेवत होती, दुपारी तिच्याच उशीवर झोपत होती!

"नाव काय गं तुझं?"

"भूमिका."

"राहते कुठे?"

मुलीनं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवलं. "मम्मी नानीकडे गेली, लग्नाले."

"आणि पप्पा?"

"त्याईची मिटिंग राह्यते. मले म्हणते, दार नको वाजवू."

तेवढ्यात लॅपटॉपमधून "भावना, ऐकताय ना?" आलं. तिनं धावत जाऊन माइक सुरू केला, "येस सर" म्हणाली, आणि मागे वळून पाहते तो नूपुरचा धाकटा ओल्या फरशीवरून घसरत थेट तिच्या खुर्चीपर्यंत आला. मग तिचा बांधच फुटला. माइक तसाच सुरू होता.

"काहून बसला रे तो बाप दार लावून? चार दिवस झाले, पोरगी दुसऱ्याच्या घरी जेवते, झोपते, अन् त्याले पत्ता नाही! माणूस आहे का धोंडा?"

मिटिंगमधल्या तेराही जणांनी ते ऐकलं. मग सरांचा आवाज आला, थंड आणि जड. "भावना, बस झालं. मी काय सांगितलं होतं? लहान मुलगी माझ्याही घरी आहे. ऐकू येतो का कधी तिचा आवाज? याला शिस्त म्हणतात."

दोन वेण्या लॅपटॉपजवळ आल्या. टरबुजाची बी हनुवटीला चिकटली होती.

"पप्पा, मी इकडे आहो."

पलीकडे खुर्ची पडली. दार आपटलं. "भूमिका? भूमी!" दुसरं दार. कपाट. बाथरूमचा नळ. पुन्हा "भूमी!"

भावना खुर्चीत सावरून बसली. राग ओसरला नव्हता, उलट आता त्याला बसायला चांगली जागा मिळाली होती.

"सर," ती अदबीनं म्हणाली, "म्यूट करा. तुमच्या घरून फार आवाज येऊन राहिला."

भूमिकानं खिडकीतून हात हलवला, तसे समोरच्या बिल्डिंगमधून सर अर्ध्या चड्डीवर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले. सोमवारच्या ऑफिसचा विषय त्यांनी काढला नाही. तिनंही काढला नाही, फक्त पोछा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुकाट्यानं आतल्या खोलीत मारला.

आणि आता तुम्ही, वाचून झालं असेल तर उठा. तुमच्या बिल्डिंगमध्ये एखाद्या दारामागून लेकरांचा कालवा आणि त्यातूनच एका बाईचं "येस सर, येस सर" ऐकू येत असेल, तर जरा जाऊन बघा तिच्याकडे. जेवली का, विचारा. आणि परत येताना तिथलं एखादं लेकरू उचलून आणा. तुमचंच निघू शकतं.