इंग्रजांची म्हण आणि आमची आमटी

मी चौथी पास आहे. कदाचित नापासही असेन, कारण मास्तरांनी निकाल सांगायच्या आत माझं लग्न ठरलं! पण म्हणींच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात अजून जन्मायचा आहे. सुनांना मी कधी शिवी दिलेली नाही. एक म्हण टाकते, दोन दिवस पुरते.

त्यामुळे आठवीतली माझी नात दिशा इंग्रजी म्हणींचं पुस्तक मांडीवर घेऊन रडताना दिसली, तेव्हा मी म्हटलं, "आन हिकडं! म्हन ती म्हन. इंग्रज झाले म्हनून काय नाकानं जेवत्यात का?"

शाळेत स्पर्धा होती. प्रत्येकानं एक इंग्रजी म्हण घ्यायची आणि तिचा अर्थ घरातल्या अनुभवावरून पटवून द्यायचा. पहिला येईल तो तालुक्याला जाणार. आमची दिशा हुशार, पण चार माणसांपुढं उभी राहिली की तोंडाला कुलूप! गेल्या वर्षी स्टेजवर नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणून खाली उतरली, तेव्हापासून पोरांनी तिचं नावच 'गुड मॉर्निंग' ठेवलं. यंदा पोरीला ते नाव पुसायचं होतं.

"तुला कोनती म्हन आली?"

"टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ. म्हंजे लई सैपाकी झाले की आमटी बिघडती."

"खोटं!"

"आज्जी, पुस्तकात हाय!"

"असंल. त्यांच्या घरात दोन मानसं, ती बी तोंडं फिरवून बसत्यात. आपल्याकडं पाच बाया एका चुलीवर शंभर मानसांचं जेवान उठवत्यात. सांग तुझ्या सरांना, म्हन खोटी हाय! आमटी करून दावते म्हनावं!"

वाल्मिक सर भला माणूस. म्हणाले, "आणा बनुबाई. पोरं घरून भाकरी आणतील."

आमचे मालक ओसरीवरून बोललेच, "मीठ तेवढं टाका म्हंजे झालं."

हे जिव्हारी लागलं! गेल्या पोळ्याला मी आमटीत मीठ टाकायला विसरले होते. जावई दोन वाट्या निमूट प्यायले आणि उठताना "मस्त" म्हणाले. तेव्हापासून घरात या विषयावर कुणी बोलत नाही. मालक सोडून.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अंगणात मोठं पातेलं चढलं. आमची नगरी शिपी आमटी, वर लाल तवंग, वासानंच घाम फुटावा अशी! जाऊ खोबरं भाजत होती, नणंद मसाला वाटत होती, थोरली सून जाळ सारत होती, धाकटी कोथिंबीर निवडत होती. डाळीला उकळी आली तसं मी मीठ टाकलं, अगदी मापात. भांडण नाही, तंटा नाही. मी दिशाला म्हटलं, "बघ! लिहून घे!"

मधे मी डबे काढायला आत गेले, मग लसणाला गेले, मग टेम्पोवाल्याला शिव्या द्यायला रस्त्यावर गेले. दर वेळी परत आले की कुणीतरी पातेल्यापासून लगबगीनं बाजूला होताना दिसायची. मला वाटलं, कामाची ओढ!

चाखायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्यात मोठं पातेलं चढलं की पहिला नैवेद्य भैरोबाला. तोवर कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मालक वाटी घेऊन देवळात गेले, ते आले आणि पातेलं तसंच टेम्पोत चढलं. उशीर झालेला!

शाळेत वास असा सुटला की सर आधीच भाकरी कुस्करून बसले. दिशा स्टेजवर चढली. "गुड मॉर्निंग..." मागून हशा! पण पोरगी थांबली नाही. "ही म्हण माझ्या आजीला मान्य नाही. आमच्या घरात पाच जणी मिळून..."

तेवढ्यात सरांनी पहिला घास घेतला. त्यांचं तोंड चरकातून निघालेल्या चिपाडासारखं झालं! अख्खा तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला. मागोमाग पोरांनी घास घेतला आणि नळाकडं धूम ठोकली.

मीही बोट बुडवून चाखलं. समुद्र मी कधी पाहिलेला नाही, पण त्या दिवशी चाखला!

"कुनी टाकलं मीठ?" स्टेजला खेटून, दिशाच्या पायाशीच बसलेल्या चौघींना मी विचारलं.

जाऊ म्हणाली, "बाई, मी येक मूठ. मला वाटलं तुमी इसरल्या. बोलून दावलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं."

"वैनी, म्या बी," नणंद पुटपुटली.

"आत्याबाई, मी बी," थोरली.

"माझी लहान मूठ हाय," धाकटी.

मी तोंड उघडलं, पण एकही म्हण आठवेना. चौघींनी माझी अब्रू झाकायला एकेक मूठ टाकली होती, आणि त्या अब्रूपायी आता सगळी शाळा नळावर रांग लावून उभी होती!

स्टेजवर दिशाच्या तोंडाला पुन्हा कुलूप. नळावरूनच पोरं ओरडायला लागली, "गुड मॉर्निंग! गुड मॉर्निंग!" पोरीचे डोळे भरले. मी जन्मात कुणापुढं हार मानलेली नाही. पण उभी राहिले.

"ये दिशा! तुझी आज्जी हारली म्हनून सांग त्यांना! म्हन खरी हाय!"

पोरीनं डोळे पुसले. म्हणाली, "लई सैपाकी झाले की आमटी बिघडती. का? सगळ्यांची माया असती म्हनून. पन 'मीठ टाकलं का' असं कुनी कुनाला इचारत न्हाई म्हनून!" आणि मग जी सुटली, पाच मिनिटं थांबली नाही! सरांनी तिसरा तांब्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर!

टेम्पोत मालक म्हणाले, "चार बाया, चार मुठी. आमटी खारट व्हईल. पन येवढी?"

"गप बसा. रस्ता बघा," मी म्हटलं.

आता तुम्हाला म्हणून सांगते. डबे काढून आले, तेव्हा आपण मीठ टाकलं की नाही तेच मला आठवेना. म्हणून परत टाकलं. लसूण आणला, तेव्हाही आठवेना! म्हणजे ती आमटी मी एकटीनंच बिघडवून ठेवली होती. बाकीच्या चौघींची काही गरजच नव्हती. इंग्रजांची म्हण खोटी ती खोटीच!

पण दिशाचं तालुक्याचं होईपर्यंत हे कुठं बोलू नका.