दालनाची दुसरी किल्ली

वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा वसाहतमंत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न पॅरिसमध्ये फार गांभीर्याने घेतला गेला. दालनातला गालिचा नवा होता. म्हणून पद ठेवले आणि नाव बदलले. 'वसाहती'चे 'सागरापार' झाले, 'सागरापार'चे 'सहकार्य'. मंत्री आले, गेले, गालिचा टिकला.

त्यावर नवे सहकार्यमंत्री फ्लोरँ वेर्दिए जरा कुठे स्थिरावले, तोच फर्मान आले: सहकार्य मंत्रालय यापुढे परराष्ट्र खात्याच्या छत्राखाली, मंत्र्यांनी दालनाची किल्ली रोज संध्याकाळी तिकडे जमा करावी.

वेर्दिएंनी तडक स्वातंत्र्य मागितले. परराष्ट्र सचिव द ब्रेझोल मायेने म्हणाले, "देऊ की! पण अजून तुमची तयारी कुठे झालीय?"

हे वाक्य वेर्दिएंना ओळखीचे वाटले. त्यांच्याच खात्याने ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले होते. ते उठले आणि सानोगोंकडे गेले. सानोगो एका जुन्या वसाहतीचे राजदूत. त्यांनी शेंगदाण्याच्या रश्श्यातली कोंबडी वाढली.

"सानोगोसाहेब, तुम्ही आमच्यातून सुटलात कसे?"

सानोगो इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "सुटलो? अहो, तुमचे सल्लागार अजून आमच्या अर्थमंत्र्यांच्या शेजारी बसतात. कॉफीसुद्धा आधी त्यांना जाते! तुम्ही आपला झेंडा मागा. तो लगेच देतात."

वेर्दिए मात्र किल्लीवर अडून बसले. शेवटी समारंभ झाला. बँड वाजला, मेजावर छोटा झेंडा आला, आणि द ब्रेझोलांनी भरल्या डोळ्यांनी किल्ली हातात ठेवली.

"आणि दुसरी?"

"राहू दे आमच्याकडे. हरवलीबिरवली तर? आम्ही काय परके आहोत?"

वेर्दिए तणतणत घरी आले. लेक सोलांज सामान बांधत होती. उद्यापासून ती स्वतःच्या घरात राहणार होती.

"स्वातंत्र्य देतात आणि किल्ली ठेवून घेतात! लाज नाही वाटत मेल्यांना!"

"खरंच हो, पप्पा," सोलांजने हात पुढे केला. "माझ्या घराची तुमच्या खिशातली तेवढी द्या."

वेर्दिएंनी खिसा दाबून धरला. "ते वेगळं गं. हरवलीबिरवली तर? मी काय परका आहे?"

हसू आले असेल, तर खुशाल हसावे. फक्त त्याआधी, सुनेच्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाच्या कमरेला आहे, तेवढे चाचपून घ्यावे.