द्वारकाबाईसाहेबांच्या तळमहालाच्या ढाळाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. जी शक्ति चढास पाठ देते आणि उताराकडे धांवते, थेंबाथेंबास खालचा मार्ग दाखविते आणि कोणाही राजाचा हुकूम जुमानीत नाहीं, त्या जलदेवतेस प्रथम दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास, ते समयीं एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें येथें लिहितों. राज्याचें नांव मुद्दाम लिहिलें नाहीं. ज्यांस ठाऊक आहे त्यांस ठाऊक आहे.

राज्य म्हणजे उतारावरील एक दुमजली घर. वरील दोन्ही मजले चिरंजीव अविनाशराव आणि सूनबाई हर्षदाबाईसाहेब यांचे अमलाखालीं होते, आणि मातुःश्री द्वारकाबाईसाहेब तेथेंच नांदत होत्या. मातुःश्रींचा पराक्रम काय सांगावा! यजमान कैलासवासी जाहलियावर त्यांनीं खानावळ काढिली आणि परगांवच्या पोरांच्या पंगतींमागून पंगती उठविल्या, आणि त्याच खानावळीच्या बळावर अविनाशराव शिकून मोठ्या कचेरीत साहेब जाहले. ऐशा बाईस गुडघ्यांनीं दगा दिला. जिना चढवेना आणि उतरवेना, आणि वर पाहावें तों ओटा सूनबाईंचा, मोरी सूनबाईंची, आमटीस फोडणी द्यावयाची तरी विचारून द्यावी लागे. सूनबाई कांहीं वाईट नव्हत्या. परंतु ज्या हातानें अर्धा गांव जेवविला त्या हातास विचारून फोडणी देणें मानवेना. मग मातुःश्रींनीं मनसुबा केला कीं, घराचे पोटांत मागील गल्लीच्या अंगास जी जागा मातीनें भरून पडली आहे ती उपसावी आणि तेथें आपला स्वतंत्र तळमहाल करावा, आपली चूल, आपली मोरी, आपलें न्हाणीघर, आणि गल्लीच्या सपाटीवर आपलें दार.

हें ऐकून अविनाशराव बहुत कष्टी जाहले आणि बोलिले, "लोक म्हणतील, आईला तळघरात टाकलं." मातुःश्री बोलिल्या, "लोकांना मी खानावळीत जेवायला घातलंय, त्यांचं मी बघते." मग माती उपसली, आणि नळकामांतील नामांकित सरदार दस्तगीर मिस्त्री यांस पाचारण जाहलें. मिस्त्रींनीं खड्ड्यांत उतरून सर्व मुलूख पाहिला आणि अर्ज केला कीं, "बाई, जे पाईप जमिनीखालून जायचे ते आधी ठरवा. एकदा काँक्रीट पडलं की मग फोडाफोडीशिवाय इलाज नाही. आणि मागच्या गल्लीतलं गटाराचं चेंबर फार खोल नाही. ढाळ बेताचाच मिळतोय." ढाळ म्हणजे पाईपाचा उतार, ज्याच्या जोरावर सांडपाणी आपल्या पायांनीं चालत जातें. हें ऐकतांच अविनाशरावांस संधि सांपडली आणि ते म्हणाले कीं, मग खालीं एक संडास आणि एक बेसिन पुरे जाहलें, आंघोळ, धुणें, स्वयंपाक वरच करावा आणि रात्रीं निजावयास खालीं यावें.

तेव्हां मातुःश्री ऐशा संतापल्या कीं कपांतील चहा बशींत सांडला. "मी काय रखवालदार आहे, रात्रीपुरती खाली जायला?" अविनाशराव म्हणाले, "मग सगळं हवं तर पंप बसवू. टाकीत साठेल, पंप उपसून टाकेल." मातुःश्री बोलिल्या, "आणि लाईट गेली की? माझंच खरकटं पाणी माझ्या पायाशी येऊन बसेल. ते नको. माझं पाणी माझ्या ढाळानं जाईल." मायलेकांचा ऐसा कलह दोन्ही मजल्यांवर गाजला, आणि शेवटीं तह ठरला. तो ऐसा कीं, काँक्रीटाची गाडी येण्यापूर्वीं मातुःश्रींनीं एक दिवस त्या खड्ड्यांत राहावें, पुढें राहणार तैसेंच राहावें, आणि जेथें जेथें त्यांच्या हातून पाणी सांडून माती ओली होईल तेथें तेथें नळाचें तोंड ठेवावें. आणि त्यांतील प्रत्येक तोंडाचें पाणी पंपाविना चेंबरास पोंचलें पाहिजे. एक जागा जरी ढाळांत न बसली तरी तळमहालाचा बेत रद्द, माती परत भरावी, आणि मातुःश्रींनीं वरच राहावें. ओल्या जागीं पांढऱ्या फक्कीचें कडें काढण्याचें काम हर्षदाबाईसाहेबांकडे दिलें, कारण दोन्ही पक्षांचा त्यांजवर सारखाच संशय होता.

दुसरे दिवशीं सकाळींच मातुःश्री नऊवारी खोंचून, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून फळीवरून खालीं उतरल्या. संगें पाट, शेगडी, बादली, तांब्या आणि खरकटीं भांडीं, ऐसा सरंजाम. प्रथम पालथ्या बादलीवर बसून कमोडाची जागा अजमाविली, तेव्हां मिस्त्रींनीं अदबीनें तोंड फिरविलें. मग पाटावर बसून पायांवर पाणी ओतलें आणि तेथें न्हाणी ठरली. मग भांडीं घासलीं आणि मोरी ठरली, मग लुगडें आपटलें आणि धुण्याचा दगड ठरला, आणि ओटा मोरीस खेटून. हें सर्व त्यांनीं मागील भिंतीच्या कडेनें एका ओळींत घेतलें, जेणेंकरून एकच पाईप सर्वांचें पाणी उचलीत चेंबरास जावा. मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरीत होते आणि मागून बाईसाहेब हुकूम देत होत्या, "वळणावर उघडायचं झाकण ठेव रे दस्तगीर. भात नेहमी वळणावर अडकतो, माझी हयात गेलीय त्यात. आणि हवेचा पाईप गच्चीपर्यंत ने, नाहीतर वास माझ्याच नाकात." मिस्त्री म्हणाले, "बाई, ढाळ बसला बघा. बोटभर शिल्लक पण राहिला." आणि मातुःश्री कंबरेवर हात ठेवून खड्ड्याच्या मध्यभागीं उभ्या राहिल्या, आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजारणींकडे त्यांनीं जी नजर टाकिली तिचें वर्णन करावयास शब्द नाहींत. आजवर इतरांचीं घरें त्यांनीं पुष्कळ सांभाळलीं, आतां हें आपलें होतें.

दुपारीं अविनाशराव कचेरींतून जेवावयास आले. मातुःश्रींनीं शेगडीवर पिठलें भाकरी केली होती, आणि तीं ताटांत वाढून चिरंजीवांस समोरच्या टोंकास, फळीपाशीं सावलींत बसविलें. अविनाशराव रागांत होते तरी दोन भाकऱ्या जेविले आणि खरकटा हात धरून उठले. आणि मातुःश्रींनीं, वर्षानुवर्षांच्या सवयीनें, कांहीं विचार न करितां, तांब्या उचलून त्यांच्या हातावर पाणी घातलें.

माती ओली जाहली. ही जागा चेंबरापासून सर्वांत लांब. हर्षदाबाईसाहेब हळूच बोलिल्या, "आई, माझं लक्ष नव्हतं हं. मी काही पाहिलं नाही." मातुःश्री बोलिल्या, "पाहिलंस. काढ कडं." मग सूनबाईंनीं कडें काढिलें, आणि मिस्त्रींनीं नळी लाविली, आणि पुन्हा लाविली, आणि मान हालविली. "इथून ढाळ धरला तर पाईप चेंबरच्या तोंडाखाली जातोय, बाई. पाणी वर कसं चढंल?" वैधव्य आलें तेव्हां त्या डगमगल्या नव्हत्या, परंतु या ओंजळभर पाण्यानें त्यांचें घर नेलें. तरी ताठ उभ्या राहून बोलिल्या, "शब्द म्हणजे शब्द. अवि, मी हरले. उद्या माती भरून टाका."

अविनाशराव त्या कड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आई, इथं का ओतलंस पाणी?"

"जेवून उठलास. पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं असतं."

"पाहुणा?" ऐसें म्हणून अविनाशरावांचा चेहरा उतरला, आणि इतके दिवस लोकांच्या नांवावर घातलेलें दुःख बाहेर आलें. "तू वेगळी निघालीस, हे मला ठाऊक होतं. पण मी पाहुणा झालो, हे आजच कळलं." तेव्हां अविनाशराव तरातरा खड्डा ओलांडून मोरीच्या कड्यांत गेले, उकिडवे बसले, तांब्या घेऊन हात पुन्हा धुतला, खळखळून चूळ भरिली, आणि मोठ्यानें म्हणाले, "मी पाहुणा नाही. मी जेवून मोरीतच हात धुणार, रोज. हर्षदा, ते फळीपाशचं कडं पूस."

हर्षदाबाईसाहेबांनीं चपलेनें तें कडें पुसलें. मातुःश्रींचे डोळे भरून आले, पदर डोळ्यांस लाविला, आणि मग आपल्या नेहमींच्या आवाजांत बोलिल्या, "घरचाच आहेस ना? मग ताट पण घासून ठेव." आणि अविनाशरावांनीं कचेरीची इस्त्रीची विजार मातीत टेकून, मिस्त्री आणि शेजारणी यांच्या देखत, ताट घासलें.

मग पाईप पडले, तोंडें बांधून पाणी भरून पाहिलें आणि कोठें थेंब गळाला नाहीं, आणि त्यावर काँक्रीट जाहलें. चैत्रांत मातुःश्री तळमहालीं राहावयास गेल्या. पहिली आंघोळ करून उठल्या तों मागील गल्लींतून मिस्त्रींची आरोळी आली, "आलं बाई, चेंबरात पाणी आलं!" येणेंप्रमाणें तळराज्य स्थापन जाहलें, पंपाविना, आपल्या ढाळावर. मातुःश्रींस आपली चूल मिळाली आणि अविनाशराव घरचेच राहिले. मजकूर जैसा जाहला तैसा लिहिला, वाढवून लिहिण्याची गरज पडली नाहीं.